गयासचा डावा हात

बसा, चहा ठेवलाय. मधेच आतून थपथप आवाज आला तर उठू नका. मी सांगते काय ते.

आमचे हे, गयास, मागावर हिमरू शाली विणायचे. दौलताबादच्या उतारावर जीप उलटली, मान मोडली. मानेखाली काहीच हलंना. मग एका कंपनीनं ट्रायल म्हणून, थोड्या महिन्यांसाठी, पलंगाला डाव्या बाजूनं लोखंडी हात बसवला. डोक्यावर तारांची टोपी घालायची. ह्यांनी मनात आणलं की हात हलायचा. पहिल्याच दिवशी ह्यांनी आपला आपण चहा पिला. मी पदर तोंडात धरून रडले.

मग एका दुपारी हे झोपलेले, टोपी खुंटीला. आणि तो हात पलंगाच्या कठड्यावर थापायला लागला. थाप, जरा फिरव, थाप... चुलीपुढं जन्म गेला माझा, मी ओळखणार नाय? भाकरी थापत होता तो. ह्यांनी आयुष्यात परातीला हात लावलेला नाय. खोलीत ज्वारीच्या ओल्या पिठाचा वास, आणि माझी चूल तर थंड.

कंपनीची मनस्विनी मॅडम आली. "भाभी, काही बिघाड?"

"नाय," म्हणलं मी. सांगितलं असतं तर हात नेला असता, अन् ह्यांचा चहा परत माझ्या चमच्यानं. तुम्ही काय केलं असतं?

तरी विचारलंच, "आधी कुणाकडं होता हा?"

"लासूरच्या कडूबाईंकडे. त्यांच्याकडूनच शिकला. भाकरी करायच्या त्या ह्या हातानं..."

"मग?"

"ट्रायल संपली. काढून आणावा लागला." ती तारा गुंडाळत राहिली. "त्यानंतर त्या जेवल्याच नाहीत, भाभी. कुणाच्याच हातनं... गेल्या."

वा रे कंपनी. बाई मेली, हात आमच्याकडं.

मागच्या महिन्यात आमचीबी ट्रायल संपली. हात पेटीत घालून नेला. ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी मॅडमला दारात नाय नाय ते बोलले.

दुसऱ्या दुपारी परत थपथप. लोखंड तर गेलेलं... पण गोधडी हलत होती. उचलली. ह्यांचा स्वतःचा डावा हात, ज्याच्यासाठी मी खुलताबादच्या दर्ग्यात चादर चढवली, तो गादीवर थापत होता.

"अहो, हलला... तुमचा हात हलला."

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "सगीरा... मी नाय हलवत. मी थांबवायला बघतोय."

परवा मी त्या हाताखाली पिठाची परात ठेवली. म्हणलं, बघू तरी. भाकरी अशी गोल झाली, माझीसुद्धा होत नाय. भाजली, घास ह्यांच्या तोंडाशी नेला. ह्यांनी ओठ मिटून घेतले.

तवापासून कुणाच्याच हातचं खाईनात. माझ्यासुद्धा. हात मात्र थापतोय... ऐका. ओल्या पिठावर पडावी तशी थाप. परात तर मी कालच उचलून ठेवलीय.