त्सोझिलची चिमूटभर माती

शांडीन, दोन लाकडं सार चुलीत. आणि शिट्टी बंद कर, रात्री शिट्टी मारतात का कधी? ऐका आता. वसंतातली पहिली वीज कडाडेपर्यंतच असल्या गोष्टी सांगायच्या, मग माझं तोंड बंद.

हे माझ्या सोबत्याचं, एमर्सनचं. मागच्या जानेवारीची सतरा तारीख, शनिवार. त्याची आई सहा महिने अंथरुणाला खिळलेली. तिचं नाव मी घेत नाही. वैदूबाबा म्हणाले, "त्सोझिल डोंगरावरची माती आण, नीट मागून घे. उशाशी ठेवू. पण आज रात्रीतच ये." बहीण व्हर्ना आईपाशी बसली, हा दुपारी निघाला. दोन तासांची तर वाट.

जाताना चाक फुटलं. स्टेपनीतही हवा नाही, एमर्सनच तो! ती भरून घेईपर्यंत दिवस कलला. डोंगरावरच्या पाइनच्या झाडीत पोचला तेव्हा काळोख. तरी सगळं रीतीने केलं. मक्याचे पराग वाहिले, निळ्या खड्याचा चुरा ठेवला, आईसाठी मागणं मागितलं आणि चिमूटभर काळी माती पुडीत बांधली. परत फिरला तेव्हा साडेनऊ झाले होते.

दहाव्या मैलाला कडेने एक बाई येताना दिसली. डोंगराकडे चाललेली. अंगावर जांभळी शाल.

"आईची?" शांडीनने विचारलं.

"तेच सांगतोय ना."

रात्री रस्त्याने चालणाऱ्यासाठी गाडी थांबवायची नाही, हे तुम्हाला आयांनी शिकवलंय. रात्री जे फिरतं ते आपल्याच माणसाचं रूप घेतं, हेही शिकवलंय. एमर्सनलाही त्याच्या आईनेच शिकवलं होतं. त्याने काच वर केली.

पाच मैलांवर पुन्हा तीच. मग पुन्हा. अधू डावा पाय ओढत...

चौथ्यांदा ती मधोमध उभी. ब्रेक लागला. दिव्यांत चेहरा दिसला. आईच. तिने हात केला नाही. आपल्या म्हाताऱ्या करतात तसे ओठ पुढे काढून गाडीचं दार दाखवलं.

दार आतून बंद. त्याचा हात खटक्यावर...

"उघडलं, मामा?"





"तू उघडलं असतंस?"

शांडीनने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

त्याने गाडी कडेने काढली. आरशात बघितलं नाही. घर येईपर्यंत रडत होता. पुडी मुठीतच होती.

व्हर्ना दाराबाहेर बसली होती.

"साडेनऊला गेली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत एकच विचारत होती. पोरगा अंधारात एकटा आहे, त्याला आणायला कोण गेलंय?"

आईचे बूट दाराशीच होते. सहा महिने कुणी घातले नव्हते. तळांना ओला बर्फ, काळी माती, पाइनच्या लांब सुया. त्यांच्या माळावर पाइनचं एकही झाड नाही.

डाव्या बुटाचं टोक घासून फुटलं होतं.