कोबी गात होता तेव्हा

कुंदाच्या पत्राला दिनानाथांनी उत्तर दिलंच नव्हतं. दोन पावसाळे उलटले. "आपण लग्न करू या का? हसू आलं तर आधी हसून घ्या, पण उत्तर द्या," असं तिने दापोलीहून लिहिलं होतं. दिनानाथ हसले नव्हते... घाबरले होते. साठी उलटल्यावर कपाळाला मुंडावळ्या? बदलापुरातला सगळा हेंद्रेपाडा गॅलरीत येऊन बघेल, या विचारानेच त्यांचे कान तापायचे.

ओळख झाली होती ती एका कोबीमुळे.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, हरेशच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, दोघं आपापल्या फोनसाठी बसले होते. टीव्हीवर देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा लागली होती. कोबीच्या वेशातला एक जाडजूड गायक गात होता आणि दर ओळीला एक नर्तकी त्याचं एकेक पान सोलून नेत होती. भाषा कुठली, देव जाणे. पुस्तकांशीच बोलायची सवय असलेले दिनानाथ नकळत मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर मराठीत गातोय... 'ये ना कुंदा, ये ना'."

शेजारच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझं नाव कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी... नाही हो. तो म्हणतोय."

"तो काहीही म्हणेल. ऐकू तुम्हाला येतंय."

"काका, मला तर 'खाना ठंडा' ऐकू येतंय," हरेश फोनमधून डोकं न काढता म्हणाला.

कुंदाही बदलापुरातच, शिरगावला एकटीच राहायची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. त्यानंतर दोघांचेही फोन फार बिघडू लागले. हरेश न सांगताच चहा मागवायचा आणि स्पर्धेतली जुनी गाणी लावून द्यायचा — बाथटबमध्ये बसून व्हायोलिन वाजवणारी बाई, शिंगं लावून रडगाणं गाणारे जुळे...

"तुम्ही घालाल असं काही?" कुंदाने एकदा विचारलं.

"मी साधा लाल शर्टही कधी घातला नाही."

"मग घाला की. बघायला मी आहे."

दिनानाथांनी बशीत चहा सांडला.

पुढे भाऊ आजारी पडला म्हणून ती दापोलीला गेली, आणि तिथून ते पत्र आलं.

यंदाची स्पर्धा दिनानाथांनी हरेशच्या दुकानात एकट्यानेच पाहिली. एक म्हातारा गायक बगळा होऊन एका पायावर गायला आणि धपकन पडला. निकाल लागला. त्याला शून्य गुण.

"झीरो मिळाला, तरी नाचतोय बघा, येडा," हरेश म्हणाला.

दिनानाथ मात्र बगळ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघत होते. ती हसत हसत त्याची वाकडी झालेली चोच सरळ करत होती.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, "कुंदा, हसू आलं नव्हतं, भीती वाटली होती. अजूनही वाटते. तरी करू या... तुमचं मन बदललं नसेल तर."

दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या पोस्टात त्यांनी पाकीट पेटीत टाकलं आणि तिथेच उभे राहिले. टपाल काढायला आलेल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय आजोबा, परत हवंय का?"

"नको," दिनानाथ म्हणाले. "जाऊ दे."