यंत्रावरची पिवळी पुडी

"वाक अजून! यंत्राला दिसलं पाहिजे!" होंगशेठ ओरडले. माशांचे गोळे भरणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या.

लान माफी मागायला यंत्रासमोर कमरेतून वाकली. सुट्टी म्हणून आईबरोबर कारखान्यात आलेली तिची मुलगी पेइयुन दारातून बघत होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

आणि लानचा गुन्हा काय? तैवानात यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात. दुकानात हिरवी संपली होती, म्हणून तिने पिवळी आणली. पिवळीने यंत्र बिथरतं म्हणे! त्याच दुपारी नवा संगणक बंद पडला. त्याला जोडलेला वजनकाटा, लेबलं छापणारा प्रिंटर, पडदा, सगळंच ठप्प!

"मी बसवलेला संगणक चोख आहे," इंजिनियर च्यूसाहेब म्हणाले. "हिला पुडी संगणकाच्या पेटीच्या डोक्यावर ठेवायला सांगितली होती, पण हिने रंगच चुकवला!"

"व्हिएतनामची बाई, तिला काय कळणार!" होंगशेठ म्हणाले. "शनिवारपर्यंत यंत्र सुधारलं नाही, तर घरी बस."

च्यूसाहेबांनी स्वतः हिरव्या पुड्यांची रास पेटीवर चिकटवली. दुसऱ्या दुपारी यंत्र पुन्हा बंद!

"अजून रुसलंय," ते म्हणाले. लानला पुन्हा वाकावं लागलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पेइयुनने शेठच्या मुलाला, गुआनतिंगला, रंगेहाथ पकडलं. त्याने पेटीवरच्या सगळ्या पुड्या काढून फस्त केल्या होत्या.

"अरे खादाडा! आता माझ्या आईचं काय?"

"भूक लागली होती गं! बाबांना सांगू नकोस, सोलून काढतील मला!"

दोघं जीव मुठीत धरून बसली. पण यंत्र संध्याकाळपर्यंत खडखडत राहिलं! पेइयुनने पेटीला हात लावला. वरच्या धातूच्या पट्ट्या चांगल्याच तापल्या होत्या.

"हिचा पंखा कुठाय?"

"हिला पंखा नसतोच. पिठाची धूळ आत जाऊ नये म्हणून सगळी बंद."

"मग उष्णता जाते कुठून? या पट्ट्यांतूनच ना? आणि त्यांच्यावर हे शहाणे खाऊ चिकटवतात!"

हे सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं म्हणून रिकाम्या पुड्यांत कागद कोंबून त्यांनी त्या परत चिकटवल्या. शनिवारी दुपारी पडदा काळा झाला.

"लान!" होंगशेठ गरजले.

"थांबा!" पेइयुनने पुड्या ओरबाडून काढल्या. गुआनतिंगने पुठ्ठ्याने वारा घातला. थोड्या वेळाने बटण दाबताच पडदा उजळला, काटा हलला, प्रिंटर करकरला!

"यात नुसते कागद होते, काका. खाऊ याने कालच खाल्ला, आणि काल यंत्र दिवसभर चाललं. पट्ट्या झाकल्या की पेटी तापते आणि बंद पडते. झाकायला यांनीच सांगितलं होतं!" तिने च्यूसाहेबांकडे बोट दाखवलं.

होंगशेठ पोट धरून हसले. "शाबास पोरांनो! डोकं आहे तुम्हाला! च्यूसाहेब, आता तुम्ही वाका!"

च्यूसाहेब लाल होऊन यंत्रासमोर वाकले. बायका पुन्हा तशाच हसल्या. गुआनतिंगही हसला.

"यंत्रासमोर नाही," पेइयुन म्हणाली. "माझ्या आईसमोर!"

हसू थांबलं.

"तिची नोकरी राहिली ना? मग आणखी काय हवं?" होंगशेठनी तिच्या हातात नवी हिरवी पुडी कोंबली. "घे, बक्षीस."

लान केव्हाच हातमोजे चढवून कामाला लागली होती. पेइयुनने पुडी तिच्यासमोर ठेवली. आईने ती कोपराने बाजूला सारली.

"ने ती इथून," वर न बघता ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा माझ्यावर यायचं काहीतरी."