आज काय खाल्लं?

"ए मढ्या, तुझं पोट बोलतंय!"

किती वर्षं लोटली, तरी गा-ऊलच्या कानातून हा आवाज गेला नव्हता. मुंग्याँगच्या डोंगरातला हाच राजवाड्याचा सेट, हेच अंगण. बर्फावर टाकलेल्या गवती चटईवर ती मेलेली दासी होऊन पडली होती... पहाटेपासून उपाशी. लांब काठीला लावलेला माइक तिच्या डोक्यावर धरलेल्या काटकुळ्या तरुणाने हेडफोन सरकवून ते वाक्य टाकलं, आणि सगळं युनिट खो-खो हसलं. मढं कानापर्यंत लाल झालं.

मधल्या सुटीत तोच येऊन पुढ्यात उकिडवा बसला. कागदात गुंडाळलेलं गरम रताळं तिच्या हातात कोंबलं.

"खा. पुढच्या वेळी जेवून मर."

"नाव काय रे तुझं?"

"दो-ग्यम. आणि मढ्याचं?"

"गा-ऊल. नटी व्हायला आलेय मी."

"झालीस की! इतकं झकास मेलेलं कोणी पाहिलं नाही मी — पोट सोडून."

मग मढ्याची दासी झाली, दासीची झाली नर्स, नर्सची झाली नायिकेची मैत्रीण. दर वर्षी दोन वाक्यं वाढत गेली, दर वर्षी केसांत एक फूल. तोही काठी सोडून ध्वनिमुद्रणाच्या टेबलामागे बसला. कुठल्या ना कुठल्या सेटवर गाठ पडायची. हसणं व्हायचं, एका छत्रीतून चालणं व्हायचं... आणि ओठांवर आलेलं तिथेच राहायचं. कारण तिची मॅनेजर पांगताई कायम पाठीशी. "एक फोटो छापून आला ना, गा-ऊल, की जाहिराती गेल्या, भूमिका गेली. आधी नायिका हो. मग काय ते प्रेम कर."

गा-ऊल नायिका झाली. राणीचीच भूमिका मिळाली. आणि त्याच दिवसापासून दो-ग्यम तिला 'तुम्ही' म्हणू लागला.

तिला ते फार लागलं. पण रोज सकाळी एक क्षण तिचा असे. तो नजर खाली ठेवून तिच्या रेशमी कॉलरमध्ये छोटा माइक अडकवायचा, टेबलाशी जायचा आणि आवाज तपासायला विचारायचा, "आज काय खाल्लं?" ती सांगायची — भाताची पेज, मुळ्याची किमची, अर्धं अंडं. सगळ्या नटांना तो हेच विचारायचा. पण हसायचा तिच्याच उत्तराला.

आज शेवटचा दिवस होता. मालिकेचा, आणि त्याचाही. म्हाताऱ्या वडिलांची समुद्रातल्या कालवांची शेती सांभाळायला तो उद्या थोंगयाँगला, समुद्रकाठच्या घरी निघाला होता.

"आज काय खाल्लं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "घशाखाली उतरलं नाही."

तो हसला नाही. नुसताच टेबलावरच्या आवाज मोजणाऱ्या सुईकडे बघत राहिला.

दुपारी फाटकाशी एक गाडी येऊन उभी राहिली. नटनट्यांना त्यांचे मित्र, चाहते कॉफीची गाडी पाठवतात, वर मोठा फलक, फलकावर फोटो, खाली पाठवणाऱ्याचं नाव. या गाडीत कॉफी नव्हती. भट्टी होती, आणि भट्टीत रताळी! खरपूस गोड वास अंगणभर पसरला. फलकावर फोटो नाही, नाव नाही. एवढंच —

'मढ्या, पोटभर खा.'

"अगं बाई, हा काय अभद्रपणा!" पांगताई किंचाळल्या. "राणीला मढं म्हणतात? कोणी पाठवलीय ही गाडी?"

गा-ऊलने रताळं सोललं. बोटं भाजली, डोळे भरून आले. "वाफ आहे ताई," ती म्हणाली आणि मान वळवली. टेबलामागे दो-ग्यम वायर गुंडाळत होता, एकच वायर, पुन्हा पुन्हा.

शेवटचं दृश्य झालं. टाळ्या वाजायच्या आत त्याने हात वर केला. "कोणी हलू नका. जागेची शांतता भरून घेतो." प्रत्येक दृश्यानंतर हे करावंच लागतं. माणसं असतील तिथेच थिजतात, आणि रिकाम्या जागेचा नुसता श्वास टेपवर उतरतो.

अंगण थिजलं. पर्सिमनच्या झाडाचं एक पान राणीच्या जड टोपाला टेकून खाली आलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे मिटून, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून तो ऐकत होता... उद्यापासून जे ऐकायला मिळणार नाही, ते.

माइक अजून तिच्या कॉलरला होता. दिग्दर्शकांच्या कानांवर हेडफोन होते, पांगताईंच्याही. ती बोलली तर तिघंही ऐकणार होते. फोटो छापून यायला मग फारसा वेळ लागणार नव्हता. मढ्यापासून राणीपर्यंतची सारी वाट तिच्या डोळ्यांपुढून सरकली, आणि त्या वाटेच्या दर वळणावर तोच एक आवाज.

तिने श्वास घेतला. त्याचे डोळे झटकन उघडले.

"शूऽऽ," त्याचे ओठ हलले. "पोट...?"

"नाही, दो-ग्यम," त्या भरल्या शांततेत ती हळूच म्हणाली, "आज मी बोलतेय. तू मला आवडतोस. त्या पहिल्या रताळ्यापासून."