पडकईचा दिवस

"वही ठेवा खाली, अन् ही पाटी धरा."

त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे! आणि मी, कळंबच्या बागायतदाराची लाडावलेली लेक हर्षाली, मुकाट्यानं मातीची पाटी धरून उभी राहिले.

नव्व्याण्णव सालचा चैत्र होता. मंचरच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकत होते. गावची एक प्रथा घ्या आणि तीन दृष्टिकोनांतून तपासा, असा प्रकल्प सरांनी दिला होता. मैत्रिणींनी आपापल्या गावची जत्रा घेतली. मला भलतंच शहाणपण सुचलं, मी एस.टी.नं थेट डोंगरात गेले. तिथं पडकई चालू होती. आज सगळी वाडी मिळून एकाच्या उतारावर भातखाचराचे बांध घालते, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी घेत नाही, दिवसाला दिवस फेडायचा.

त्या दिवशीचं खाचर गोरखचं होतं.

"मी फक्त माहिती घ्यायला आलेय," मी म्हटलं.

"घ्या की. पर हितं बघे नसत्यात."

दुपारी त्यानं गूळ-पाणी आणलं आणि वहीकडे बोट दाखवलं. "काय लिवलंय आमच्याबद्दल?"

"कार्यवादी म्हणतात, पडकईमुळे वाडी एकत्र टिकून राहते. संघर्षवादी विचारतात, ज्याला जमीनच नाही त्याचा दिवस कोण फेडणार?"

तो हसायचा थांबला. "आमच्यातल्या भिकाला जमीन न्हाई. त्याचं घर शाकाराय जातो आमी... पर खरं सांगू, दोघंच जातो." मग म्हणाला, "अन् तिसरं?"

"आंतरक्रियावादी. ते म्हणतात, माणसं एकमेकांशी वागता-बोलता साध्या वस्तूला, शब्दाला अर्थ देतात."

"म्हंजी ह्या गुळाला बी?"

गुळाचा सगळ्यांत मोठा खडा त्यानं माझ्याच हातावर ठेवला होता — आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी मी एस.टी.त चढताना तो म्हणाला, "तुमचा एक दिवस माझ्याकडं ऱ्हायला. कळंबला फेडाय येनार."

"विसराल."

"पडकईचा दिवस कुनी इसरत न्हाई."

प्रकल्प परत मिळाला तेव्हा सरांनी लाल शाईनं विचारलं होतं, 'तिसरा दृष्टिकोन कुठे?' ते पान मी कोरंच ठेवलं होतं. काय लिहिणार होते, गूळ?

पाऊस आला, गेला. बटाटा निघाला. मंचरच्या स्टँडवर डोंगराकडून येणारी घोडेगावची गाडी लागली की मी उतरणारी माणसं बघत उभी राहायची... मग स्वतःवरच चिडायची. एका दिवसाच्या ओळखीवर कुणी इतकं झुरतं का? मी झुरत होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्थळं बघायला सुरुवात केली, आणि मी रोज काहीतरी खुसपट काढत राहिले.

पुढच्या चैत्रात आमच्या रानात कांदाकाढणी लागली. सकाळी बांधावर तो उभा!

"कोण रे तू?" दादांनी विचारलं.

"गोरख. तुमची लेक आमच्यात राबून गेलती. त्यो दिवस फेडाय आलोय. मजुरी नगं."

दादांनी त्याला वेड्यात काढून एक वाफा नेमून दिला. मी शेजारच्याच वाफ्यात बसले. तो दिवसभर कांदे उपटत होता, आणि माझा विळा पातीऐवजी दोनदा बोटाला लागला.

चार वाजता तो उठला, हात झटकले. "निघतो."

"अजून दिवस मावळला नाही."

"म्हनून तर." तो हळूच हसला. "थोडा ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली यायला निमित्त..."

मी विळा खाली ठेवला. "पुढल्या साली मी इथं नसेन. दादा स्थळं बघतायत. आणि मला... मला तुमच्याशिवाय कुणी नकोय."

तो पुन्हा वाफ्यात बसला आणि दिवस मावळेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. शेवटचा कांदा उपटून तो थेट दादांपुढे गेला.

"भाऊ, दिवस फिटला. आता दुसरं बोलायचंय. तुमच्या लेकीबद्दल."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे. मला वाटलं, आता हाकलणार. सकाळी ज्याला अरे-तुरे केलं, त्याच्यासाठी दादांनी कांद्याचं रिकामं पोतं झटकलं, आपल्या शेजारी अंथरलं.

"बसा, पावणं," ते म्हणाले. "हर्षाली, पाणी आण."

मी तांब्या भरला... आणि येताना गुळाचा सगळ्यांत मोठा खडा घेतला.