सात नंबरचा पाणवठा

मोबाइल खिशात ठेवा पोरांनो, आणि जरा जवळ सरका. उद्या तुमची पहिली प्राणीगणना. मचाणावर चढलं की बोलायचं नसतं, म्हणून काय विचारायचं ते आजच विचारा म्हटलं, तर ही फिरदोस विचारते, "नबीलालचाचा, सात नंबरच्या पाणवठ्यावर कुणालाच का बसवत नाहीत?" विचारलंस ना बाई, आता ऐक. माझ्या भाच्याच्या, ताबीशच्या बाबतीत घडलेलं आहे. निम्मं त्यानं सांगितलं, निम्मं मी या डोळ्यांनी पाहिलं. पंचेचाळीस वर्षं सोलापुरात रिक्षा-टेम्पो हाकतोय, रात्रीचे सगळे रस्ते पाहिलेत, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी सांगतो.

दोन हजार तेवीस साल. पाच मे, शुक्रवार, बुद्ध पौर्णिमा. त्या रात्री चंद्रग्रहणही होतं, पण नुसतं छायेचं, चंद्र जरा मळकट दिसला तेवढंच. नवी पेठेतून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याचे जार भरून चार वाजता मी माळाकडे निघालो. प्रत्येक पाणवठ्याला दोन माणसं उतरवायची आणि सकाळी सहाला उचलायची, माझं काम एवढंच. शेवटची जोडी सात नंबरची, ताबीश आणि विरेश. विरेश चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, आणि आपल्या प्राणीमित्र ग्रुपात सगळ्यात हुशार. त्या दिवशी मात्र तो टेम्पोतून उतरेना. म्हणाला, चाचा, मला दुसरा कुठलाही नंबर द्या. मी म्हटलं, का रे, मचाणाला खिडकीची सीट पाहिजे का? एरवी हसला असता, त्या दिवशी मुकाट उतरला.

आता सातची भानगड सांगतो. त्या पाणवठ्यामागच्या ओढ्यात लांडगीण व्याली होती. ढोली, म्हणजे तिचं बीळ, दाखवली ज्ञानबा धनगरानं. शेजारीच त्याचा मेंढवाडा. वर्षाला दोन मेंढरं लांडग्याच्या वाट्याची, असं तो धरूनच चालायचा. ढोलीची जागा त्याच्याशिवाय ग्रुपातल्या तिघांनाच ठाऊक होती: अध्यक्ष, विरेश आणि मी. आपला नियम तुम्हाला माहीत आहे, विणीच्या जागेजवळ कुणी जायचं नाही. आम्ही लांबूनच बघून परतलो. आत पिल्लं किती, कुणी पाहिलं नव्हतं.

मार्चात अचानक तिथं गाड्या यायला लागल्या. हे लांब लांब कॅमेरे घेऊन बाहेरचे लोक. सगळ्या गावाला जागा कळली. आणि एका सकाळी ढोलीच्या तोंडाशी जळका कडबा सापडला. आतली तीन पिल्लं गुदमरून मेली होती. मीच ती बाहेर काढली आणि वनखात्याच्या माणसाच्या हातात दिली.

जागा कुणी फोडली? बैठक बसली. मी अध्यक्षांच्या तोंडाकडे बघतोय, अध्यक्ष माझ्या. तेवढ्यात विरेश म्हणाला, मेंढरं कुणाची जातात ते बघा की. झालं, सगळ्यांची मान एका बाजूला वळली. ज्ञानबाला बोलावलं. म्हातारा उभाच राहिला, खुर्चीवर बसला नाही. "म्या कुणाला दावलं न्हाय," म्हणाला. "माझ्या दारची लेकरं हायती ती." पुरावा काही नव्हता. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याला जुनी खोड. ठरलं की पाणवठ्यात टँकरचं पाणी आम्ही ओततो, ते जंगली जनावरांसाठी आहे, ज्ञानबाची मेंढरं तिथं येता कामा नयेत. तसा कागद केला. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, उर्दूत, चांगली वळणदार.

मग एप्रिलच्या उन्हात म्हातारा मेंढरं घेऊन पाच किलोमीटरवरच्या खाणीतल्या डबक्यावर जायला लागला. बावीस तारखेला भर दुपारी तिथं खाली बसला तो उठलाच नाही. त्याचा तेरावा झाला चार मे रोजी. आणि दुसऱ्याच दिवशी विरेश सात नंबरच्या मचाणावर.

रात्र सुरुवातीला बरी गेली. गणनेत दोघांनी आपापला तक्ता भरायचा, एकमेकांचा बघायचा नाही, सकाळीच ताडून पाहायचा. सव्वानऊला खोकड आलं. साडेअकराला दोन चिंकारा, नर आणि मादी. ताबीशनं लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात लिहून घेतलं. विरेशची पेन्सिल मात्र हलत नव्हती. सारखा मागे वळून मेंढवाड्याकडे बघत होता.

एक वाजता ग्रहण सुटलं. माळावर पीठ सांडल्यासारखं चांदणं पडलं. पाणवठ्याभोवती पावलं उमटावीत म्हणून चाळलेल्या मातीचा पट्टा केलेला असतो, त्यातला खडान् खडा दिसत होता.

एक वाजून दहा मिनिटं.

रातकिडे थांबले. सगळे, एकदम.

ताबीश पाण्याकडे बघतोय. काही नाही. डावीकडे... काही नाही. मग मचाणाच्या खाली आवाज आला. काठी टेकल्यासारखा. एकदाच.

त्यानं वाकून पाहिलं. खाली रिकामी जमीन. मचाणाची सावली.

विरेशही वाकला होता. पण त्याची नजर जमिनीवर नव्हती. थोडी वर होती... माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर.

त्याची पापणी हलेना.

मग हळू आवाजात म्हणाला, "चार."

ताबीशला वाटलं, काही जनावरं दिसली. पाण्याकडे पाहिलं. कुणी नाही.

"चार होती, बाबा."

बोलायचं नसतं. ताबीशनं तक्त्याच्या पाठीवर लिहिलं, 'कोण?' आणि कागद पुढं केला. विरेशनं पेन्सिल घेतली. टोक कागदावर ठेवलं... तसंच ठेवलं.

त्यानंतर पाण्यावर एकही जनावर आलं नाही. पहाटेपर्यंत. एकही.

सहाला मी पोचलो तेव्हा ताबीश पाणवठ्याभोवती फिरून मातीचा पट्टा तपासत होता. खोकडाची पावलं होती, चिंकाऱ्यांचे खूर होते, बस्स. मग तो विरेशसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "पिल्लं तीन मेली, सगळ्या ग्रुपाला माहीत आहे. चौथं तू कधी पाहिलंस?"

विरेशनं कोरा तक्ता खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. एकदा गुपचूप एकटाच ढोलीवर गेला होता. चार पिल्लं उन्हात खेळत होती. त्यातलं चौथं पुढं कुठं गेलं, कुणालाच कळलं नाही. फोटो काढला, आणि आपलं नाव व्हावं म्हणून पुण्याच्या एका फोटोवाल्याला जागेसकट पाठवला. पुढं जे झालं ते बघून घाबरला, आणि बोट म्हाताऱ्याकडे केलं. म्हणाला, "चाचा, तो खाली उभा होता, मान वर करून. शिवी नाही, शाप नाही. पिल्लं किती व्हती रं, एवढंच विचारत होता. तीन म्हणायला गेलो, तर तोंडातून आवाजच निघेना."

खाई त्याला खवखवे, तसं असेल म्हणा. तेव्हा मला तेवढं सुचलं नाही. राग आला, हात उचलला होता मी. मग कागदावरची माझी सही आठवली आणि हात आपोआप खाली आला. ज्ञानबाच्या बायकोच्या, मायाक्काच्या मेंढरांना पाणवठा अजून बंदच होता. बिचारी खाणीवरून डोक्यावर घागर आणून एकेकीला तांब्या तांब्या पाजत होती. त्या सकाळच्या दोन दिवस आधी खाणही आटली होती.

तसेच तिघं मेंढवाड्यावर गेलो. विरेशनं उभ्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मायाक्का चुलीपुढून उठलीही नाही. शेवटी म्हणाली, "हे त्यानला जित्तेपणी सांगाया पायजे हुतं." मग माझ्याकडे बघून, "परवापासनं मेंढरांच्या पोटात पाण्याचा थेंब न्हाय. पाणी सोडताय का न्हाय, तेवढं बोला."

मी म्हटलं, सोडतो बाई, आत्ताच चला, कोण अडवतो ते मी बघतो.

ती उठली. मेंढवाड्याच्या तोंडाला बाभळीच्या काट्याची झाप होती, तिनं संध्याकाळी बांधलेली. गाठ तशीच. तिनं ती सोडली आणि हाळी दिली.

एकही मेंढरू उठलं नाही.

दोन दिवसांची तहानलेली मेंढरं... निवांत रवंथ करत बसलेली. मी आत पाय टाकला. खाली बघितलं. सगळ्यांच्या खुरांना ओला काळा चिखल. जमीन कोरडी ठक्क. आसपास पाणी फक्त सात नंबरला, आणि तिथल्या मातीत मेंढराचा एक खूर नव्हता.

मायाक्का पुढं झाली. एका मेंढीच्या तोंडावरून तिनं हात फिरवला. हात ओला झाला. पदराला न पुसता, तो तसाच धरून ती उभी राहिली...