राहा इथेच

माझी शाळा नववीत सुटली. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील, सांभाळून घ्या. न्युरेम्बर्गच्या आमच्या खोलीत मोहनकाकांनी दिवा मालवून जे सांगितलं तेच लिहितोय. "नागेश ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा," ते म्हणाले. "पटो न पटो, ऐका."

सन २००६. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. नागेशचे वडील पद्माकरराव मंगळवारी सांगलीला परतणार होते. त्यांना काहीतरी दाखवायचं म्हणून नागेशने बामबेर्गजवळच्या एका जुन्या गावातली पायी सहल धरली. बारोक काळातली, तीनशे वर्षांपूर्वीची घरं, चर्च, पुतळे. गाईड बाई पुढे, घोळका मागे, आणि सगळ्यांत मागे बाबा. प्रत्येक दगडी देवदूतापाशी थांबायचे, हात जोडायचे. "नागू, ह्याच्या हातात काय आहे रे?"

नागेशच्या कपाळाची शीर तडतडत होती. आठवडाभर साहेबाची बोलणी खायची, आणि रविवारी चार लोकांत हे.

शेवटचं ठिकाण चर्च. बाई म्हणाली, वरचा घुमट खरा नाही, सपाट छतावर रंगवलाय. जमिनीतल्या त्या काळ्या फरशीवर उभं राहिलं की खरा वाटतो. बाबा फरशीवर उभे राहिले ते हलेचनात. वर रंगवलेल्या कठड्यावरून माणसं वाकून खाली बघत होती.

"नागू, तो म्हातारा बघ. माझ्याकडेच बघतोय."

"चला. लोक खोळंबलेत."

"एवढं बघू दे की..."

"किती लाज काढाल माझी? इतकं आवडलंय तर राहा इथेच. कायमचे."

बाबांचा चेहरा उतरला. "तिन्हीसांजेला असं बोलू नये रे. वास्तू तथास्तु म्हणते."

"ही जर्मन वास्तू आहे. तिला मराठी कळत नाही."

आणि तो ताडताड बाहेर पडला.

पुलापाशी त्याने मागे पाहिलं. बाबा नव्हते. मनातल्या मनात शिव्या घालतच तो परत फिरला. अंधार पडला होता. चर्चचा राखणदार दाराला कुलूप घालत होता.

"फायराबेंड. वेळ संपली. आत कोणी नाही, मी बघून आलोय."

"माझा बाप आहे आत. उघड."

नागेश असा काही ओरडला की त्याने मुकाट्याने उघडलं.

इथे काका थांबले.

आत गारठा. राखणदाराकडून घेतलेल्या बॅटरीचा एकच झोत. बाक रिकामे. काळी फरशी रिकामी.

"बाबा?"

...

तो फरशीवर उभा राहिला. वर बॅटरी मारली. कठडा होता. माणसं होती. म्हाताऱ्याची जागा... मोकळी. मागचं रंगवलेलं निळं आभाळ तेवढं.

पाठीमागे पाऊल वाजलं.

"नागेश, चल."

बाबाच. तोच कोट, तोच मफलर. राखणदार मात्र दोन पावलं मागे सरकला.

गाडीत नागेशने माफी मागायला तोंड उघडलं. मिटलं.

सकाळी स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. खुर्चीची सावली भिंतीकडे. टेबलाची भिंतीकडे. बाबांची... खिडकीकडे.

नागेशने हातातला चहा खाली ठेवला आणि गाडी काढली. चर्च अजून बंद होतं. तो दारावर मुठी आपटत राहिला. "बाबा, रागात बोललो होतो," असं मराठीत, पुन्हा पुन्हा.